नऊ मतांची आघाडी आणि एका प्रांताचे सरकार

९ मे २०१७ रोजी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात विधानसभेच्या ८७ जागांसाठी मतदान झाले. त्या रात्री मोजणीअखेर जे आकडे हाती आले, त्यांच्या आधारे कोणत्याही पक्षाला सत्तेचा दावा ठामपणे करता येत नव्हता. सलग सोळा वर्षे सत्तेवर असलेल्या लिबरल पक्षाला ४३ जागा मिळाल्या होत्या, न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला (यापुढे ‘एनडीपी’) ४१ आणि ग्रीन पक्षाला ३. बहुमताचा आकडा होता ४४. त्यातही व्हँकुव्हर बेटावरील कोर्टने-कोमॉक्स मतदारसंघात एनडीपीच्या उमेदवाराची आघाडी केवळ ९ मतांची होती. हा एक मतदारसंघ लिबरलांकडे गेला असता, तर त्यांचे ४४ सदस्य होऊन सत्ता त्यांच्याच हाती राहिली असती. प्रत्यक्षात पुढच्या दहा आठवड्यांत सर्वाधिक जागा मिळवणारा पक्ष विरोधी बाकांवर गेला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचा नेता प्रांताचा प्रीमियर (आपल्याकडील मुख्यमंत्र्यासारखे पद) झाला. हे कसे घडले, हे नीट समजून घेतले तर कॅनडातील कोणत्याही प्रांताचा निवडणूक निकाल कसा वाचायचा, हे समजते.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केला पाहिजे. ब्रिटिश कोलंबियाच्या लिबरल पक्षाचा तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांच्या लिबरल पक्षाशी नावापलीकडे फारसा संबंध नव्हता. प्रांतातील हा पक्ष उद्योगस्नेही, मध्यम-उजव्या विचारांच्या मतदारांची मोट बांधणारा होता आणि संघीय निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मत देणारे अनेक जण प्रांतात लिबरलांना मत देत असत. एनडीपी हा कामगार संघटनांशी जवळीक असलेला, सामाजिक लोकशाही मानणारा पक्ष आणि ग्रीन हा पर्यावरणाचा प्रश्न केंद्रस्थानी ठेवणारा. २०१३ मध्ये ८५ पैकी ४९ जागा जिंकणाऱ्या लिबरल प्रीमियर क्रिस्टी क्लार्क यांना २०१७ मध्ये मोठा फटका बसला तो मुख्यतः व्हँकुव्हर महानगराच्या उपनगरांत. तिथे पोर्ट मान आणि गोल्डन इअर्स या दोन पुलांवर रोज टोल भरून कामावर जाणाऱ्यांची संख्या मोठी होती. एनडीपीचे नेते जॉन हॉर्गन यांनी टोल रद्द करण्याचे आश्वासन दिले आणि सरे व मेपल रिज या भागांत त्याचा परिणाम दिसला. प्रांताच्या आतील डोंगराळ पट्ट्यात मात्र लिबरलांनी आपले बालेकिल्ले राखले.

आता त्या ९ मतांकडे वळू. मतदानाच्या रात्री जी मोजणी झाली, ती प्राथमिक मोजणी होती. ब्रिटिश कोलंबियाच्या मतदाराला आपल्या नेमून दिलेल्या केंद्रावर जाणे शक्य नसेल, तर प्रांतातील दुसऱ्या केंद्रावरही मत देता येते. केलोनाचा रहिवासी कामानिमित्त व्हिक्टोरियात असेल, तरी तो तिथून आपल्या मूळ मतदारसंघातील उमेदवाराला मत देऊ शकतो. अशी मते २०१७ मध्ये त्या रात्री मोजता येत नव्हती. मतपत्रिका आधी एका कोऱ्या लिफाफ्यात घातली जात असे आणि तो लिफाफा मतदाराचे नाव व सही असलेल्या दुसऱ्या लिफाफ्यात ठेवला जात असे. हे लिफाफे मूळ मतदारसंघात पोहोचल्यावर बाहेरच्या लिफाफ्यावरील नाव यादीशी ताडून पाहिले जाई आणि त्या व्यक्तीने अन्यत्र मतदान केलेले नाही याची खात्री केली जाई. त्यानंतरच आतला लिफाफा वेगळा काढून इतर लिफाफ्यांत मिसळला जाई आणि मग मोजणी होई. दुबार मतदान होऊ नये आणि मतदाराची गुप्तताही राहावी, यासाठी ही सगळी काळजी घ्यावी लागत होती आणि म्हणूनच अंतिम मोजणी सुरू व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागले. निकालाला विलंब झाला की संशयाचे वातावरण तयार होते, हे आपण सर्वत्र पाहतो. परंतु इथला विलंब हा दक्षतेचा भाग होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

२०१७ मध्ये संपूर्ण प्रांतात अशी पावणेदोन लाखांहून अधिक मते शिल्लक होती. कोर्टने-कोमॉक्समध्ये तर उत्सुकता शिगेला पोहोचली होती, कारण तिथे हवाई दलाचा तळ आहे आणि लिबरल पक्षाचा उमेदवार त्याच तळाचा माजी प्रमुख होता. त्यामुळे बाहेरून आलेली मते त्याच्या पारड्यात पडतील असा अनेकांचा होरा होता. २२ मेपासून तीन दिवस चाललेल्या अंतिम मोजणीत घडले उलटेच. एनडीपीच्या रॉना-रे लेनर्ड यांची आघाडी वाढत गेली आणि शेवटी त्या १८९ मतांनी निवडून आल्या. ४३, ४१ आणि ३ हे आकडे आता पक्के झाले.

या आकड्यांच्या मागे मतांची टक्केवारी पाहिली तर चित्र आणखी विचार करायला लावणारे आहे. लिबरलांना ४०.३६ टक्के आणि एनडीपीला ४०.२८ टक्के मते मिळाली. सुमारे वीस लाख मतांमध्ये दोन पक्षांतील फरक साधारण दीड हजारांचा होता. ग्रीन पक्षाला जवळजवळ १७ टक्के मते मिळूनही जागा मात्र तीनच मिळाल्या आणि त्या तिन्ही व्हँकुव्हर बेटावरच्या. याचे कारण मोजणीतील चूक नसून पद्धतीतच आहे. भारताप्रमाणेच कॅनडातही प्रत्येक मतदारसंघात ज्याला इतरांपेक्षा अधिक मते मिळतात तो निवडून येतो, मग ती मते निम्म्याहून कमी का असेनात. ज्या पक्षाची मते एखाद्या भागात एकवटलेली असतात त्याला जागा मिळतात आणि ज्याची मते प्रांतभर पातळ पसरलेली असतात, त्याच्या मतांतून काहीच उभे राहत नाही.

ब्रिटिश कोलंबियाने या पद्धतीची दोन टोके अवघ्या पाच वर्षांत अनुभवली होती. १९९६ मध्ये लिबरलांना सुमारे ४२ टक्के मते मिळाली आणि एनडीपीला साडेएकोणचाळीस टक्क्यांच्या आसपास. तरीही ७५ पैकी ३९ जागा जिंकून सरकार एनडीपीने बनवले आणि अधिक मते मिळवणारे लिबरल ३३ जागांवर अडले. २००१ मध्ये वारे असे फिरले की लिबरलांनी सुमारे ५८ टक्के मतांवर ७९ पैकी ७७ जागा घेतल्या. एनडीपीला जवळपास २२ टक्के मते मिळूनही त्या पक्षाचे फक्त दोन सदस्य सभागृहात पोहोचले. दर पाच मतदारांपैकी एकाहून अधिक जणांनी ज्या पक्षाला मत दिले, त्या पक्षाला एका मोटारीतून विधानसभेत जाता यावे, ही गोष्ट माझ्या मते कोणत्याही लोकशाहीला भूषणावह नाही. निवडणूक पद्धत बदलण्याची मागणी तिथे वारंवार का उठते, याचे उत्तर याच अनुभवात आहे.

परंतु जागा मोजून झाल्या म्हणजे सरकार ठरले, असेही नाही. संसदीय पद्धतीत मतदार सरकार निवडत नाही. तो आपल्या मतदारसंघाचा एक प्रतिनिधी निवडतो आणि अशा प्रतिनिधींनी भरलेले सभागृह ज्याच्यावर विश्वास ठेवते, तो सरकार चालवतो. ‘सर्वांत मोठा पक्ष जिंकला’ हे वृत्तपत्राच्या मथळ्यासाठी ठीक आहे, पण त्याला घटनात्मक अर्थ फारसा नाही. कॅनडातील एक संकेत आपल्याकडील वाचकाला कदाचित नवा वाटेल. निवडणूक झाली तरी मावळता प्रीमियर आपोआप पायउतार होत नाही. तो पदावरच असतो आणि निकाल त्रिशंकू असेल, तर आधी सभागृहाला सामोरे जाण्याचा अधिकार त्याचाच असतो. दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या पक्षाच्या प्रीमियरलाही ही संधी घेता येते. म्हणूनच २०१७ च्या मे-जूनमध्ये क्लार्क यांच्याकडे बहुमत नसतानाही त्याच प्रीमियर होत्या आणि यात गैर असे काही नव्हते.

दरम्यान ग्रीन पक्षाचे अँड्र्यू वीव्हर, जे मूळचे हवामानशास्त्रज्ञ, दोन्ही मोठ्या पक्षांशी बोलत होते. २९ मे रोजी त्यांनी व हॉर्गन यांनी समझोता जाहीर केला. तो आघाडी सरकारचा करार नव्हता. ग्रीन पक्षाचा एकही मंत्री होणार नव्हता. अर्थसंकल्प आणि विश्वासाचे प्रस्ताव यांवर ग्रीन सदस्य एनडीपीच्या बाजूने मत देतील आणि बाकीच्या विधेयकांवर ते आपल्या मताने चालतील, एवढेच ठरले. आपल्याकडे ‘बाहेरून पाठिंबा’ म्हणतात तो हाच, फक्त इथे तो लेखी, चार वर्षांच्या मुदतीचा आणि जाहीर केलेला होता. बदल्यात ग्रीन पक्षाने नेमक्या गोष्टी मागून घेतल्या: उद्योगसमूह व कामगार संघटनांच्या देणग्यांवर बंदी, निवडणूक पद्धतीवर सार्वमत, ट्रान्स माउंटन तेलवाहिनीच्या विस्ताराला विरोध आणि साइट सी या मोठ्या धरण प्रकल्पाचे स्वतंत्र परीक्षण. कोणता पक्ष कशाच्या बदल्यात पाठिंबा देतो आहे, हे मतदाराला कागदावर वाचता यावे, ही या समझोत्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब आहे.

४१ आणि ३ मिळून ४४ झाले आणि क्लार्क यांच्या सरकारची अखेर जवळ आली हे सर्वांना दिसत होते. तरीही विधानसभा २२ जूनला भरली, लिबरल पक्षाचे स्टीव्ह थॉमसन सभागृहाचे अध्यक्ष झाले आणि नायब राज्यपालांनी सरकारचे अभिभाषण वाचले, ज्यात प्रतिस्पर्ध्यांच्या जाहीरनाम्यांतील कितीतरी आश्वासने समाविष्ट केलेली होती. त्याने मते वळली नाहीत. २९ जूनला अभिभाषणावरील चर्चेत हॉर्गन यांच्या पक्षाने मांडलेला अविश्वासाचा प्रस्ताव ४४ विरुद्ध ४२ मतांनी मंजूर झाला. लिबरलांचे सदस्य ४३ होते, पण अध्यक्ष नेहमीच्या मतदानात भाग घेत नाहीत, म्हणून त्यांची मते ४२ भरली. हा अध्यक्षांचा एक आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढे सगळे गणित त्याच्याभोवती फिरते.

पराभवानंतर क्लार्क थेट व्हिक्टोरियातील राजभवनात गेल्या. तिथे निर्णय घ्यायचा होता नायब राज्यपाल जुडिथ गिशॉन यांना. हे पद कॅनडाच्या राजसत्तेचे प्रांतातील प्रतिनिधित्व करते. गिशॉन स्वतः गुरेपालनाच्या व्यवसायातून आलेल्या होत्या आणि त्यांनी पशुपालकांच्या प्रांतिक संघटनेचे नेतृत्व केले होते. एरवी हे पद जवळजवळ पूर्णपणे औपचारिक असते, कारण बहुमत असलेल्या प्रीमियरचा सल्ला मानणे एवढेच त्यात अपेक्षित असते. मात्र सभागृहाने नाकारलेल्या प्रीमियरने विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला, तर तो मानलाच पाहिजे असे नाही. क्लार्क यांनी आपण विसर्जन मागणार नाही असे आधी सांगितले होते. त्या संध्याकाळी मात्र हे सभागृह चालू शकणार नाही, असे म्हणून त्यांनी नव्या निवडणुकीची मागणी केली. गिशॉन यांनी ती अमान्य केली आणि त्याच रात्री हॉर्गन यांना सरकार बनवण्यासाठी पाचारण केले.

या निर्णयावर त्या वेळी टीका झाली, पण संकेत पाहिले तर तो रास्त होता असेच म्हणावे लागते. निवडणूक होऊन अवघे सात आठवडे झाले होते आणि ज्याच्यामागे लेखी पाठिंब्यासह ४४ सदस्य आहेत, असा पर्यायी नेता समोर उभा होता. अशा वेळी लोकांना पुन्हा मतदानाला पाठवणे म्हणजे त्यांनी नुकताच दिलेला कौल मनाजोगता नाही म्हणून परत करणे होय. पूर्वीचे उदाहरणही होते. १९८५ मध्ये ऑन्टारियोत प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ५२, लिबरलांना ४८ आणि एनडीपीला २५ जागा मिळाल्या. एनडीपीने लिबरलांशी लेखी समझोता केला, फ्रँक मिलर यांचे सरकार जूनमध्ये सभागृहात पडले आणि नवी निवडणूक न होता लिबरलांचे डेव्हिड पीटरसन प्रीमियर झाले.

महाराष्ट्रातील वाचकाला इथे २०१९ आठवणे स्वाभाविक आहे. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला निकाल लागूनही सरकार बनेना, तेव्हा १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागू झाली होती. कॅनडाच्या राज्यघटनेत आपल्या कलम ३५६ सारखी तरतूद नाही. प्रांताचे सरकार बाजूला सारून तिथला कारभार ओटावातून चालवण्याचा मार्गच नसल्यामुळे मावळता प्रीमियर सभागृहासमोर जाईपर्यंत पदावर राहतो आणि फैसला सभागृहातच होतो.

हॉर्गन यांनी १८ जुलै रोजी शपथ घेतली, तेव्हा त्यांच्यासमोर पहिला पेच अध्यक्षपदाचा होता. सरकार पडल्यानंतर थॉमसन यांनी राजीनामा दिला होता. एनडीपीने आपला सदस्य अध्यक्ष केला, तर सत्ताधारी बाजूला ४३ आणि लिबरलांकडे ४३ अशी बरोबरी होणार होती आणि प्रत्येक महत्त्वाच्या विधेयकावर अध्यक्षांना निर्णायक मत द्यावे लागणार होते. परंपरेने अध्यक्षांनी हे मत आहे ती स्थिती कायम ठेवण्यासाठी किंवा चर्चा पुढे चालू राहावी म्हणून द्यायचे असते. रोजच्या रोज सरकारला तारण्यासाठी ते वापरले, तर त्या पदाची निःपक्षता उरत नाही. ही कोंडी फुटली ती अनपेक्षित दिशेने. सप्टेंबरमध्ये अ‍ॅबट्सफर्ड साउथचे लिबरल आमदार डॅरिल प्लेकस यांनी अध्यक्षपद स्वीकारले. त्यांच्या पक्षाने संतप्त होऊन त्यांची हकालपट्टी केली, पण त्यांचे सदस्यत्व अबाधित राहिले, कारण तिथे आपल्या दहाव्या अनुसूचीसारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. एका माणसाच्या या निर्णयाने सरकारला मोकळा श्वास मिळाला आणि पक्षशिस्त मोठी की सभागृह चालणे मोठे, हा वाद पुढे कितीतरी दिवस चालू राहिला.

हॉर्गन यांच्या आश्वासनाप्रमाणे पुलांवरचे टोल १ सप्टेंबर २०१७ पासून बंद झाले आणि समझोत्यात ठरल्याप्रमाणे मोठ्या देणग्यांवर बंदी घालणारा कायदाही झाला. सार्वमताचे मात्र वेगळेच झाले. २०१८ च्या अखेरीस टपालाने घेतलेल्या त्या सार्वमतात सुमारे ६१ टक्के लोकांनी जुनीच पद्धत ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. त्याआधी २००५ मध्ये पद्धत बदलण्याच्या बाजूने ५७.७ टक्के मते पडली होती, परंतु अट ६० टक्क्यांची असल्याने ती अपुरी ठरली. २००९ मध्ये तर बाजूने केवळ ३९ टक्के मते होती. मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत अधिक न्याय्य आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. तरीही २०१८ च्या पत्रिकेवर तीन वेगवेगळ्या पर्यायी पद्धती समोर ठेवून लोकांना निवड करायला सांगितले गेले, तेव्हा गोंधळलेल्या मतदाराने ओळखीच्या गोष्टीवर शिक्का मारला असेल, तर त्याला दोष देता येत नाही.

हॉर्गन यांचे अल्पमतातील सरकार तीन वर्षांहून अधिक काळ टिकले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ठरलेल्या तारखेच्या वर्षभर आधी निवडणूक घेतली आणि ८७ पैकी ५७ जागा जिंकून समझोत्याची गरजच संपवली. त्यानंतर प्रांताचे राजकारण झपाट्याने बदलले. लिबरल पक्षाने २०२३ मध्ये ‘बीसी युनायटेड’ असे नाव घेतले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, मतदान सात-आठ आठवड्यांवर आले असताना, आपला प्रचारच थांबवला. अनेक वर्षे नगण्य असलेला प्रांतिक कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष जॉन रस्टॅड यांच्या नेतृत्वाखाली मुख्य विरोधक बनला.

१९ ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत जागा ९३ झाल्या होत्या आणि बहुमताला ४७ लागणार होत्या. प्राथमिक मोजणीत, हॉर्गन यांच्यानंतर प्रीमियर झालेल्या डेव्हिड एबी यांच्या एनडीपीला ४६, कॉन्झर्व्हेटिव्हांना ४५ आणि ग्रीन पक्षाला २ अशी स्थिती होती. अंतिम मोजणीत सरे-गिल्डफर्ड मतदारसंघ एनडीपीकडे झुकला. आघाडी २७ मतांची होती. एकूण मतांच्या पाचशेव्या भागापेक्षा फरक कमी असेल तर न्यायालयीन देखरेखीखाली फेरमोजणी होते. ती झाली आणि एनडीपीचे गॅरी बेग २२ मतांनी विजयी ठरले. सरेमध्ये दक्षिण आशियाई वस्ती मोठी आहे आणि मराठी कुटुंबेही व्हँकुव्हर परिसरात राहतात, म्हणून एक व्यावहारिक बाब नमूद करणे आवश्यक आहे. प्रांतिक निवडणुकीत मत देण्यासाठी कॅनडाचे नागरिकत्व, वयाची १८ वर्षे आणि प्रांतात किमान सहा महिन्यांचे वास्तव्य लागते. केवळ कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना असून चालत नाही. जिथे निकाल २२ मतांवर ठरतो, तिथे नागरिकत्वाचा अर्ज पुढे ढकलत राहणाऱ्या एकेका कुटुंबाच्या मताला किती किंमत आहे, हे वेगळे सांगायला नको.

एनडीपीचे ४७ सदस्य झाले आणि बहुमत मिळाले, असे बातम्यांत आले. पण पंजाबात जन्मलेले राज चौहान, जे २०२० पासून अध्यक्षपद भूषवत होते आणि या पदावर पोहोचलेले दक्षिण आशियाई वंशाचे पहिलेच सदस्य होते, ते एनडीपीचेच. ते पुन्हा अध्यक्षांच्या आसनावर बसल्यावर सरकारच्या बाजूला मतदानासाठी ४६ उरले आणि समोर कॉन्झर्व्हेटिव्हांचे ४४ व ग्रीन पक्षाचे २ मिळून ४६. डिसेंबर २०२४ मध्ये एबी यांनी ग्रीन पक्षाच्या त्या दोन सदस्यांशी समझोता केला, तो याच बरोबरीमुळे.